वाकळ भिंतीवर टांगायची की अंगावर घ्यायची?

धावदोरा:
नमस्कार मंडळी,

इथे कित्येक वर्षं नुसती वाचतेय. पाककृतींवर '+१' टाकून पळायचं, एवढंच माझं योगदान. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

२०२४च्या उन्हाळ्यात लेकीने न्यूयॉर्कहून व्हिडिओ कॉल केला. ती नोकरीसाठी न्यू जर्सीला असते. क्वीन्समधल्या मोमा पीएस१ या म्युझियममध्ये उभी होती. "आई, बघ, आजीच्या वाकळी इथे येऊन पोचल्यात!" म्हणाली आणि फोन फिरवला. दारापेक्षा उंच कापडं. त्यांवर मुखवटे, मासे, माणसं. आधी रंगवलेली, मग टाके घातलेले, टाक्यांच्या मधे काहीतरी भरून फुगवलेलं, वर आरसे, कवड्या, बटणं. काही कापडं भिंतीपासून सुटी लोंबत होती, म्हणजे मागे जाऊन पाठ बघता येत होती. मी तिला आधी मागेच जायला लावलं. पाठ बघितल्याशिवाय शिवण कळत नाही, असं आई म्हणायची.

चित्रकर्तीचं नाव पसिता अबाद. फिलिपिन्सच्या उत्तर टोकाला बातानेस बेटं आहेत, तिथे १९४६चा जन्म. घर राजकारणातलं. राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या काळात तिथे राहणं कठीण झालं तेव्हा १९७० साली तिने देश सोडला. कायदा शिकायला निघालेली बाई सॅन फ्रान्सिस्कोत चित्रांकडे वळली. पुढे नवऱ्याच्या कामानिमित्त बांगलादेश, सुदान, कुठे कुठे राहिली आणि जिथे गेली तिथल्या बायकांचे टाके उचलत गेली. कॅनव्हासला मागून अस्तर लावायचं, मधे भरण घालायचं आणि हाताने टाके घालायचे. याला ती 'त्रापुन्तो' म्हणायची, इटालियन शब्द आहे. आमच्याकडे याला वाकळ म्हणतात. फरक एवढाच की आमची सपाट आणि तिची गुबगुबीत.

आता माझं. आम्ही लालबागचे. बाबा गिरणीत. जानेवारी १९८२मध्ये संप सुरू झाला आणि आईने चाळीतल्यांच्या गोधड्या शिवायला घेतल्या. हौस म्हणून नाही, चूल पेटावी म्हणून. त्यातली एक माझ्याकडे उरलीय. काठापासून सुरुवात करून आत आत जाणारे धावदोऱ्याचे चौकोन. एक कोपरा उसवलाय, तिथे बोट घातलं की आधी आजीचं लुगडं लागतं, त्याखाली बाबांची खाकी पँट, त्याखाली माझा शाळेचा निळा फ्रॉक. साधारण मध्यावर पांढरा दोरा संपलाय आणि तिथून पुढे हिरवा सुरू होतो. मधोमध, एका टाक्यावर. पुढचा सगळा भाग हिरवा. दुकान बंद झालं असेल, की उधारी बंद झाली असेल? विचारायचं राहून गेलं.

रिटायर झाल्यावर मीही कापडावर रंगवून वर टाके घालायला लागले. अशा ७ झाल्या. मैत्रिणीच्या आग्रहाने दक्षिण मुंबईतल्या एका प्रदर्शनाला ३ पाठवल्या. उत्तर आलं, काम सुबक आहे, पण आम्ही क्राफ्ट घेत नाही. आणि पुढे प्रेमळ सल्ला, काचेच्या फ्रेममध्ये लावून पुढच्या वर्षी पाठवा, विचार करू. म्हणजे काचेमागे गेली की क्राफ्टची कला होते? हे गणित मला बँकेत ३४ वर्षं काढूनही सुटलं नाही.

तुम्हाला काय वाटतं?

मधलीआळी:
पहिला धागा आणि तोही असा! वाचनखूण साठवली. फोटो टाका ना ताई, हिरव्या दोऱ्याचा तरी.

उंटावरचा शहाणा:
काच लावली की कला, काच काढली की पांघरूण. मुंबईच्या उकाड्यात दोन्हीचा उपयोग नाही.

गेरू:
धावदोरा ताई, मी जेजे स्कूल ऑफ आर्टमधून पेंटिंग केलंय, त्यामुळे थोडं उलट बोलणार आहे. राग मानू नका.

'क्राफ्ट घेत नाही' हे उत्तर उद्धट आहे, मान्य. पण वाकळ आपोआप चित्र होत नाही. आईंच्या वाकळीत जो हिरवा दोरा आहे तो गरजेने आला. अबादबाई हिरवा दोरा घेतात तेव्हा त्यांच्यासमोर पन्नास रंग पडलेले असतात आणि त्यातून त्या हिरवा निवडतात. निवड आली की जबाबदारी आली. त्यांचं १९८५चं 'मार्कोस अँड हिज क्रोनीज' बघा. श्रीलंकेत आजार उतरवायच्या विधीत सन्नी नावाचे राक्षसमुखवटे घालतात, ते घेऊन त्यांनी मार्कोस आणि त्याच्या बगलबच्च्यांचा एक अवाढव्य दरबार मांडला. हुकूमशहा म्हणजे रोगाचा राक्षस, हा विचार आधी आणि टाके नंतर. हस्तकलेची आवड असलेल्या सगळ्यांना मी हेच विचारतो, तुमचं कापड काय म्हणतंय?

बाकी कला आणि क्राफ्टची भिंत आपल्याकडे कुणी बांधली हे बघायला लांब जायला नको. जेजे १८५७चं. त्याच आवारात १८९१मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने कारागिरीच्या कार्यशाळा निघाल्या. इकडे चित्रकार, तिकडे कारागीर, मधे झाडं. आम्ही चहाला एकाच टपरीवर जायचो म्हणा.

चिंधीचोर:
गेरूशेठ, गरजेने आलेला हिरवा निवडीपेक्षा कमी कसा? दुकान बंद, घरात दोन रिळं, एक हिरवं आणि एक लाल. आईंनी लाल का नाही घेतला? ही निवड नाही तर काय?

गेरू:
घरात लाल होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? :)

धावदोरा:
होतं. लाल रीळ होतं, ते आई देवाच्या कामाला ठेवायची. चिंधीचोर, तुम्ही कोण आहात हो? चाळीत होतात की काय?

बोटीवरचा:
मी मर्चंट नेव्हीत. आमच्या बोटींवर निम्मे लोक फिलिपिनो. १८ वर्षं त्यांच्याबरोबर भात खाल्लाय, त्यामुळे या धाग्यावर बोलायचा थोडा हक्क सांगतो.

मनिलाला बोट लागली की बाकीचे मॉलमध्ये जातात. एकदा आमच्या बोसनने, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने, मला ओढून तिथल्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात नेलं. तिकीट नाही, फुकट. आत शिरलं की समोरच हुआन लुनाचं 'स्पोलारियुम' हे चित्र. उंची ४ मीटरच्या वर, रुंदी साडेसात मीटरच्या वर. रोमच्या आखाड्यात मेलेले ग्लॅडिएटर तळघरात फरफटत आणलेत आणि त्यांच्या अंगावरचं काढून घेतायत. १८८४मध्ये माद्रिदच्या प्रदर्शनात याला सुवर्णपदक मिळालं. स्पेनचा गुलाम असलेल्या देशातला मुलगा स्पेनच्या राजधानीत पहिला! फेलिक्स इदाल्गो या त्यांच्याच दुसऱ्या चित्रकाराला रौप्य. त्यांच्या मेजवानीत होसे रिझालने, म्हणजे फिलिपिन्सच्या पुढच्या राष्ट्रनायकाने, भाषण केलं आणि त्या भाषणामुळे त्याच्यावर सरकारचा डोळा राहिला. आमचा बोसन डेकवर गंज खरवडून रंग मारणारा माणूस. तो त्या चित्रासमोर टोपी काढून उभा राहिला, आणि डाव्या-उजव्या बाजूला कोण कोण आहे ते मला बोटाने दाखवत गेला. आपल्यातल्या किती जणांना एखादं चित्र असं पाठ आहे?

चित्र खरं तर फार काळोखं आहे. मला ते आवडलं असं म्हणणार नाही. पण त्याच्यासमोर आवाज खाली जातो.

मधलीआळी:
बोटीवरचा, तुम्ही स्वतंत्र धागा काढा बरं. आणि फिलिपिनो चित्रकलेत पुढे काय झालं? लुना म्हणजे आपल्याकडच्या चित्रकार म. वि. धुरंधरांच्या थोडा आधीचा काळ ना?

गेरू:
होय. धुरंधर १८६७चे, लुना १८५७चा. म्हणजे जेजे सुरू झालं त्याच वर्षी जन्मला.

पुढे दोन्हीकडे कथानक चक्रावून टाकण्याइतकं सारखं आहे. तिकडे फर्नांदो आमोर्सोलो. भाताची लावणी करणाऱ्या बायका, पाठीमागून येणारं सोनेरी ऊन, सगळ्या कशा हसतमुख. चिखलात पाय रुतलेला माणूस इतका हसत नाही हे आमोर्सोलोला कुणी सांगितलं नसावं. पण हात काय तयार होता! १९७२मध्ये 'राष्ट्रीय कलाकार' हा किताब पहिल्यांदा त्यांनाच मिळाला. मग १९२८ साली विक्टोरिओ एदादेस सिएटलहून शिकून परत आला आणि मनिलात प्रदर्शन भरवलं. त्यात 'द बिल्डर्स' नावाचं चित्र. मातकट रंग, राबणारी, वेडीवाकडी वळलेली शरीरं. सोनेरी उन्हाला सरावलेल्या लोकांना ते बघवेना. त्यावरून पुढे वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं भांडणं चालली, गुइयेर्मो तोलेंतिनो हा मोठा शिल्पकार जुन्यांच्या बाजूने.

आणि गंमत ऐका. मुंबईत १९४७मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप झाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. लघुनाव पॅग. मनिलात १९५१मध्ये लिद आर्गिलाबाईंनी नव्या चित्रकारांसाठी फिलिपीन आर्ट गॅलरी काढली. लघुनाव पॅग! तिथे मनान्साला, लेगास्पी ही मंडळी. मनान्सालाचा क्युबिझम, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून मांडायची शैली, पारदर्शक, एका आकारातून मागचा आकार दिसतो, ओल्या साडीतून खालचं कापड दिसावं तसा. १९५५च्या एका स्पर्धेत आधुनिकांनी बक्षिसं नेली तेव्हा जुन्या वळणाच्या चित्रकारांनी आपली चित्रं उचलून चक्क सभात्याग केला. आपल्याकडे असला प्रकार फक्त साहित्य संमेलनात होतो.

उंटावरचा शहाणा:
आणि संमेलनात तर निदान जेवण असतं.

चिंधीचोर:
गेरूशेठ, तुम्ही प्रोग्रेसिव्हांचं नाव काढलंत म्हणून. आरा कुठल्या कॉलेजात शिकले होते? गाड्या धुवायचे मुंबईत. मग त्यांच्या फुलदाण्यांना कुणी 'छंद' का नाही म्हणालं? मी सांगतो. फुलदाणी तेलरंगात, जलरंगात असते. तीच फुलदाणी उशीच्या अभ्र्यावर भरली की बाईमाणसाची हौस. भिंत कला आणि क्राफ्टमधे नाही, ब्रश आणि सुईमधे आहे.

गेरू:
हा मुद्दा मात्र वर्मी बसला. त्यात भर घालतो. आपल्या बरव्यांनी, म्हणजे चित्रकार प्रभाकर बरव्यांनी, विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, आधी बनारसला आणि मग मुंबईत. चित्रकार के. जी. सुब्रमण्यनही काही काळ मुंबईत हातमाग मंडळावर होते. कापड त्यांच्या रोजच्या हाताखालचं होतं. पण त्यांच्यावर बोलताना आम्ही ती नोकरी पोटापाण्याची म्हणून एका ओळीत उडवतो. बरव्यांच्या चित्रातली ती मोकळी, सपाट जागा आणि त्यात सुटे ठेवलेले आकार बघताना मला आता कापडावरचे छाप आठवतात. हे माझं वाटणं, पुरावा मागू नका.

रात्रपाळी:
उशिरा आले. दोन कामाच्या गोष्टी विचारते. मीही गोधड्या शिवते, विकते. ताई, तुम्ही रंग आधी लावता की टाके आधी? माझा ॲक्रिलिक लावलेला मांजरपाट असा कडक होतो की सुई किरकिरते.

धावदोरा:
रात्रपाळी, अगदी बरोबर दुखणं सांगितलंत. पहिल्या दोन मी अशाच वाया घालवल्या. सुया मोडल्या, अंगुस्तान घालूनही बोटाला भोक.

आता असं करते. मांजरपाट आधी रात्रभर भिजवून खळ काढते. रंग पाणी घालून अगदी पातळ, कापडाने प्यायला पाहिजे, वर बसता कामा नये. जिथे दाट रंग हवाच तिथे टाके आधी आणि रंग मागाहून. दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्यायचा, गुंतत नाही. भरणाला कापूस घालू नका, वर्षभरात त्याच्या गाठी होतात. मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या घालते. आणि कडेपासून आत या, आईसारखं. मधून सुरुवात केली की कापड कडेला चुण्या धरतं.

रात्रपाळी:
पट्ट्यांचं करून बघते. अवांतर: कर्नाटकातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, तीही कडेकडून आत. पण त्या चारही कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे त्रिकोण लावतात, त्याला फुला म्हणतात. त्याचा ऊब वाढवायला काडीचा उपयोग नाही. पण फुला नसली तर ती गोधडी उघडी वाटते त्यांना. गेरूंना हवी ती 'निवड' इथे बसलीय बघा, चार कोपऱ्यांत.

गेरू:
हात टेकले.

बोटीवरचा:
रात्री वॉचवर असताना हा धागा पुन्हा वाचला. दोन माणसांबद्दल सांगायचं राहिलं.

एक, आंतिपास देलोतावो. मार्कोसच्या मार्शल लॉचा काळ. १९७६मध्ये काईसाहान नावाचा सामाजिक वास्तववादी चित्रकारांचा गट झाला, त्यातला हा. त्याचं १९७८चं जलरंगातलं चित्र आहे, नावाचा अर्थ साधारण 'हुआनतात्याच्या काळजात कोयता'. एक थकलेला म्हातारा चालतोय, मागे कोका कोलाची भलीमोठी लाल पाटी, आणि त्या वळणदार अक्षराचं टोक नेमकं म्हाताऱ्याच्या छातीत घुसलंय. बाकी काही नाही. धावदोरा ताई, तुम्ही लालबागच्या. तिथल्या टॉवरांवर आता कुठल्या कुठल्या पाट्या चमकतात त्या बघून मला दर वेळी हे चित्र आठवतं.

दोन, दाविद मेदाला. हा लंडनला गेला, साबणाच्या फेसाची आपोआप वाढणारी शिल्पं केली. पण तुमच्या कामाचं ते हे. लंडनच्या विमानतळावर त्याने आपल्या दोन प्रियकरांना एकेक रुमाल आणि सुईदोरा दिला, वाटेत वेळ जात नसेल तर यावर काहीही शिवा म्हणून. काही वर्षांनी ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर त्याला एक पोरगा दिसला, पाठीवर कापडाचं लांबच लांब भेंडोळं. बघतो तर तळाला आपलाच रुमाल! हातोहात फिरत, लोक शिवत गेले होते. निदान मेदाला तरी हे असं सांगायचा. यातून १९६८मध्ये 'अ स्टिच इन टाइम' झालं. लांब कापड झोळीसारखं टांगलेलं, वर रंगीत रिळं, येईल त्याने बसावं आणि हवं ते शिवावं. तिकीट, चिठ्ठी, बटण. २०१७ला व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनातही, ते मांडलं होतं.

धावदोरा:
बोटीवरचा भाऊ, हे वाचून मी उठून पाणी प्यायले. आमच्या चाळीत वाकळ शिवताना ती कॉमन गॅलरीत पसरायची. जाणारी-येणारी बाई बसायची, चार टाके घालायची आणि आपल्या वाटेने जायची. आईच्या वाकळीत निदान पाच हात आहेत. टाका लांबला की कळतं, ही समोरची काकू, तिला दिसायचं कमी.

मधलीआळी:
ताई, मग पुढच्या वर्षी काचेची फ्रेम करणार की नाही?

धावदोरा:
नाही. काचेत पाठ दिसत नाही.

त्यापेक्षा दुसरंच ठरवलंय. आमच्या जुन्या चाळीतल्या मजल्यावर अजून चारपाच ओळखीची बिऱ्हाडं आहेत. रीडेव्हलपमेंटचे कागद झालेत, दिवाळीनंतर खाली करायचीय. त्याआधी एक रविवार गॅलरीतल्या कपड्यांच्या दोऱ्यांवर माझ्या सातही लावते आणि मधे आईची. दोन्ही बाजूंनी बघता येईल, वारा आला की हलतीलही. वरच्या कडेला मागून नेफा शिवलाय, त्यातून पडद्याची काठी घालायची. कापडाला छिद्र नाही, खिळा नाही. गेरू, तुम्ही याच आणि कापड काय म्हणतं ते तोंडावर सांगा.

गेरू:
येणार. आणि माझं मत बदललेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सात एकदम लावू नका. चार लावा. कुठल्या तीन काढायच्या हे ठरवताना जे काही होतं ना, तेच मी सांगत होतो.

धावदोरा:
हं. यावर मला झोप लागणार नाही आता.

(दोन दिवसांनी) पाच. याच्या खाली येणार नाही.

उंटावरचा शहाणा:
चहा आहे का? संमेलनापेक्षा कमी दर्जाचं चालणार नाही.

धावदोरा:
चहा, कांदाभजी. पाऊस असेल तर कार्यक्रम जिन्यात.

बोटीवरचा:
मी त्या वेळी सुट्टीवर आहे, ठाण्याहून येतो. बोसनने दिलेला एक रुमाल आहे, त्याच्या बायकोने काठ भरलेला. एका टोकाला शिवून टाकू. आईंच्या वाकळीला नाही हो, तुमच्यातल्या एखादीला. सुईदोरा आणू का? हिरवा?

धावदोरा:
दोरा आणू नका, हिरवा आहे. अंगुस्तान आणा, माझं एकच आहे आणि ते मी कुणाला देत नाही.